भास्करकाका खुर्चीवर बसत नाहीत

भास्करकाका उमाळे खुर्चीवर बसत नाहीत.

गुडघे ठणठणीत आहेत म्हणून नव्हे. गुडघे वाईटच आहेत. उठताना ते जवळ जो कोणी असेल त्याच्या खांद्यावर हात टाकतात आणि "चला, उठवा आता म्हाताऱ्याला" असं फर्मान काढतात. डॉक्टरांनी सांगितलंय असंही नाही. उलट डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ते पहिल्यांदा चटई अंथरून मांडी घालून बसले, तेव्हा आतून दोन नर्स धावत आल्या. "सर, आर यू ओके?" काका म्हणाले, "येस. आय अ‍ॅम सिटिंग." यावर त्या दोघींनी काकांचं ब्लड प्रेशर घेतलं. ते नॉर्मल निघालं.

आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत माणसांपेक्षा खुर्च्या जास्त आहेत. घराच्या आत खुर्च्या, मागच्या डेकवर खुर्च्या, मुलांच्या सॉकरला जायचं म्हणून गाडीच्या डिकीत घडीच्या खुर्च्या. अशा गावात काका काखेत गुंडाळलेली चटई घेऊन फिरतात. ही चटई ताडाच्या पातींची, मधे लाल पट्टा असलेली, कडेला जरा उसवलेली आहे. लायब्ररीत, बँकेत, नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला, सगळीकडे ती जाते. नात रिया आता आठ वर्षांची आहे आणि तिने मैत्रिणींना सांगून ठेवलंय, "डोन्ट वरी, दॅट्स जस्ट माय आबा."

नियमाला पोटनियम आहेत. ते मी एकदा नीट समजून घेतले. गाडीची सीट चालते, कारण गाडीत माणूस बसायला बसत नाही, जायला बसतो. बाक तर फारच चालतो. "बाकावर सरकून जागा करता येते," काका म्हणाले. "खुर्चीवर सरकून दाखव." सोफा एकसंध गादीचा असेल तर चालतो, पण तीन वेगळ्या गाद्यांचा असेल तर त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन खुर्च्याच झाल्या, तो बाद. डेंटिस्टकडे काय करता, असं मी विचारलं. "तिथे माणूस बसत नाही गं, शरण जातो."

मी मेघना. दिवसा एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम मॅनेजर आहे, म्हणजे दुसऱ्यांची कामं वेळेत का झाली नाहीत हे विचारण्याचा पगार घेते. पुण्यात वाढल्यामुळे ते वेगळं शिकावं लागलं नाही. शिवाय आमच्या टाउनहाउस असोसिएशनची मी सेक्रेटरी आहे. अजेंडा नसलेली मीटिंग पाहिली की माझं डोकं दुखायला लागतं. काकांची मुलगी मृण्मयी आणि मी शेजारी शेजारी राहतो, आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. त्यामुळे काका तिच्याकडे राहायला आले ते थोडेफार माझ्याही वाट्याला आले.

काका मूळचे नाशिककडचे. तिथे पंचायत समितीत गटविकास अधिकारी होते. पुढे एका परदेशी संस्थेने त्यांना बोलावून घेतलं आणि उरलेली सगळी नोकरी त्यांनी अशा देशांत काढली, जिथे लढाई नुकतीच थांबलेली असे किंवा थांबल्यासारखी वाटत असे. श्रीमंत देश मदत देत. त्या मदतीतून तिथल्या गावांचा आणि छोट्या शहरांचा कारभार पुन्हा उभा करायचा, सभा कशी घ्यायची, बाजाराचा कर कसा गोळा करायचा, पाण्याचा पंप बिघडला तर तो कोणी बघायचा, हे शिकवायला काका. देशांची नावं ते कधी घेत नाहीत. फक्त "तिकडे" म्हणतात. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "नाव सांगितलं की तुम्ही लगेच फोनवर नकाशा काढता आणि मलाच तिथल्या बातम्या सांगत बसता."

"मी तिकडे ग्रामपंचायत शिकवायला गेलो होतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "त्यांच्याकडे होतीच. आम्ही शोधत होतो तिथे नव्हती, एवढंच."

मग मदत देणाऱ्यांचा विचार बदलला आणि पैसे आटले. प्रोजेक्ट बंद झाल्याचं काकांना ई-मेलने कळलं. शालिनीकाकू त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मृण्मयी नाशिकला गेली, घराला कुलूप लावलं आणि बाबांना घेऊन आली. "बाबांना तिथे एकटं कसं ठेवणार, यार?" ती म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांना ते अगदी पटलं.

माझी आणि काकांची पहिली चकमक असोसिएशनच्या मीटिंगमध्ये झाली. मृण्मयीचा ऑफिसचा कॉल होता म्हणून तिने बाबांना पाठवलं. क्लबहाउसमध्ये सगळे घडीच्या खुर्च्यांवर, आणि काका दाराजवळ चटईवर. विषय साधा होता. शेजाऱ्यांनी एकमेकांत मिसळावं म्हणून सिटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आम्हाला छोटीशी ग्रँट दिली होती आणि ती उन्हाळा संपायच्या आत वापरायची होती. तळ्याकाठी आमची एक मोकळी जागा आहे. तिथे फरशी घालायची, टेबल ठेवायचं आणि छानशा पॅटिओ खुर्च्या आणायच्या, असा प्लॅन मी स्लाइड्ससकट तयार करून आणला होता. पाच जणांची कमिटीसुद्धा मीच ठरवली होती. "एनी क्वेश्चन्स?" मी विचारलं, आणि जमिनीवरून एक हात वर आला.

"हूज हरी इज धिस?" ही घाई नक्की कोणाची, असं काकांनी विचारलं.

लोक हसले. मी म्हटलं, "वेल, द सिटीज्."

"डज द सिटी लिव हिअर?"

आता लोक जरा जास्तच हसले. मी पुढची स्लाइड लावली. मतं घेतली तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. कार्ल नावाचे आमचे सगळ्यात जुने रहिवासी आहेत. उंच, वाकलेले, एकटे राहणारे. त्यांना मी मुद्दाम विचारलं, "कार्ल, आर यू गुड विथ धिस?" ते म्हणाले, "ओह, दॅट'ड बी फाइन." मग चहाच्या वेळी म्हणाले, "नो, नो, इट्स फाइन." जाताना दार उघडून धरत पुन्हा म्हणाले, "इट'ल बी फाइन." माझ्या मते इतका पाठिंबा कोणीच दिला नव्हता.

घरी चालत येताना काका म्हणाले, "ते कार्लराव रुसलेत."

"काका, काहीतरीच काय? फाइन म्हणाले ते."

"किती वेळा म्हणाले? ज्याला खरंच चालतं तो एकदा म्हणतो आणि बिस्किट घेतो. त्यांनी बिस्किट घेतलं नाही."

"काका, ठराव एकमताने झालाय."

"एकमत झालं की मला भीती वाटते गं," काका म्हणाले. "आधी रुसलंय कोण ते बघायचं. मीटिंग काय, नंतर पण घेता येते."

मला त्यांचा रागच आला. मी घरी येऊन मीटिंगचा वृत्तांत पाठवला आणि खुर्च्यांचे रंग बघायला घेतले.

कार्ल पुढच्या मीटिंगला आले नाहीत. इथली माणसं रागावली की आवाज चढवत नाहीत, ती नुसती दिसेनाशी होतात आणि भेटल्यावर हवेबद्दल फार प्रेमाने बोलतात. आमच्याकडे माणूस रुसला की ताटावरून उठतो, दार आपटतो, निदान आत्याला फोन करतो. इथे काहीच कळत नाही. काकांनाही ते जड गेलं. ते रोज संध्याकाळी थर्मासात चहा घेऊन कार्लच्या गॅरेजपाशी जाऊ लागले.

उन्हाळ्यात कार्ल गॅरेजचं दार उघडं टाकून आत काहीतरी खुटखुट करत असतात. भर जुलैत ते बर्फ काढायच्या मशीनला तेल घालत होते. काकांनी गॅरेजच्या सिमेंटवर चटई टाकली. कार्लनी खुर्ची पुढे केली, काकांनी नको म्हटलं. कार्लनी जरा विचार केला आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाताना बसायला नेतात ती बादली उपडी करून दिली. बादली हा मुद्दा आमच्या पोटनियमांत आला नव्हता. काकांनी ती फिरवून पाहिली आणि मान्य केली, पण बसले चटईवरच. बादलीवर थर्मास ठेवला.

"काय बोलता हो तुम्ही दोघं?" मी विचारलं.

"काही नाही. तो तेल घालतो, मी बघतो."

"रोज?"

"घाई कोणाची आहे?"

असं दोन आठवडे चाललं. एके दिवशी काका माझ्या दाराशी हजर. हातात लालसर हिरव्या, बोटभर जाड देठांची जुडी. त्याला इथे रुबार्ब म्हणतात. आंबट असतं, अंबाडीच्या वळणाचं. अमेरिकन लोक त्यात साखर घालून पाय करतात. काकांनी त्याचा गूळ आणि मेथ्या घालून मेथांबा केला होता, तोही वाटीत होता.

"ही तुझी तळ्याकाठची मोकळी जागा," ते देठं माझ्या हातात ठेवत म्हणाले.

कार्लच्या बायकोने ते रुबार्ब तिथे लावलं होतं. आम्ही कोणी इथे राहायला यायच्या कितीतरी आधी. मे महिन्यात ती सगळ्या घरांत ते वाटायची. ती गेल्यावर कोणी वाटेनासं झालं, नवीन लोकांना ते रान वाटायला लागलं, आणि कार्लना ते माझं आहे असं म्हणता येईना, कारण जागा सगळ्यांची होती. माझ्या स्लाइडवर त्या जागेला मी 'अनयूज्ड' असं लिहिलं होतं.

मी काकांना आत बोलावलं. मुकाट्याने चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तेव्हा त्यांनी मला खुर्च्यांची गोष्ट सांगितली.

तिकडच्या एका बाजारगावात काका पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथे सभेची एक रीत होती. प्रत्येक जण आपापली चटई घेऊन यायचा, मोठ्या झाडाखाली गोल करून सगळे बसायचे. ज्याला काही खुपत असेल तो चटईचं एक टोक आत दुमडून बसायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. मग विरुद्ध बाजूचं कोणीतरी उठायचं, त्याच्यापाशी जायचं, हाताने ते टोक उलगडायचं आणि त्या उलगडलेल्या जागेवर बसायचं. तोपर्यंत सभा सुरूच व्हायची नाही. कधी सकाळची दुपार व्हायची. हाजी इद्रिस म्हणून एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांत मान असलेले होते. ते सभा सुरू व्हायच्या आधी एक चक्कर मारायचे आणि सगळ्या चटयांची टोकं बघायचे.

"आणि मी काय केलं?" काका म्हणाले. "वर्ष संपत आलं होतं. पैसे खर्च झाले नसते तर परत गेले असते. वरून फोन येत होते. शिवाय फोटो पाठवायचे असायचे, आणि जमिनीवर बसलेली माणसं फोटोत गरीब दिसतात गं. मी पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. एक ट्रक भरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग चटया घरी राहिल्या."

सभा वेळेवर सुरू व्हायला लागल्या. ठराव भराभर मंजूर व्हायला लागले. काकांच्या रिपोर्टचं वरती कौतुक झालं. पाण्याच्या पाळ्या बदलण्याचा ठरावसुद्धा एकमताने झाला. वरच्या वस्तीचे लोक त्या सभेत खुर्च्यांवर बसले होते, सगळ्यांसारखेच हात वर करून गेले. उन्हाळ्यात त्यांनी पाइप फोडला. मग खालच्या वस्तीतले लोक त्यांच्यावर चालून गेले. जी भांडणं मिटली असं काकांनी लिहून दिलं होतं, ती पुन्हा पेटली. बाजार बंद पडला आणि माणसं गाव सोडून गेली.

"हाजीसाहेब माझ्यावर ओरडले नाहीत," काका म्हणाले. "एवढंच म्हणाले, साहेब, तुमच्या खुर्चीला टोक नाही."

चहा गार झाला होता. मी उठले नाही.

"तुम्ही एकट्यानेच थोडंच ते सगळं केलं, काका?"

"नाही. पण खुर्च्या मीच आणल्या होत्या."

पुढे त्यांनी बदली नाकारली आणि त्याच गावात राहिले. काही दिलं नाही, काही बांधलं नाही. दोन्ही वस्त्यांत जाऊन लोकांच्या दारात बसायचे. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट जायचा. त्यात 'काय काम केलं' या रकान्यात त्यांनी एकदा खरोखर 'बसलो' असं लिहिलं. राजधानीतून एक गोरा साहेब हे काय म्हणून बघायला आला. काकांनी त्यालाही बसवलं. तो तीन दिवस बसला, त्याला जुलाब झाले आणि तो परत गेला. पण रकाना बदला असं काही म्हणाला नाही. हळूहळू माणसं परतली आणि झाडाखाली चटया आल्या. खुर्च्या लग्नाकार्यात वापरायला गेल्या. पहिल्या सभेत खालच्या वस्तीतला एक जण उठून वरच्या वस्तीच्या माणसापाशी गेला आणि त्याच्या चटईचं टोक त्याने उलगडलं, तेव्हा आपण झाडामागे जाऊन रडलो, असं काकांनी मला अगदी सहज सांगितलं.

"मदत करायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पैसे लागतातच. पंप काय बसून दुरुस्त होतो? पण आधी शेजारी बसावं, मग विचारावं, आणि मग काय ते द्यावं. आम्ही उलट्या क्रमाने गेलो."

प्रोजेक्ट बंद झाला तेव्हा निघताना हाजीसाहेबांनी स्वतःची चटई त्यांना दिली. तीच ही लाल पट्ट्याची. आता तिकडे फोन लागत नाही. काका रविवारी सकाळी लावून बघतात.

तळ्याकाठची फरशी आम्ही रुबार्बपासून लांब सरकवली. खुर्च्या कॅन्सल केल्या. कार्लनी गॅरेजमध्ये दोन लांब बाक केले आणि काकांनी त्यांना सॅंडपेपर मारला. उद्घाटनाला कार्लनी चक्क चार बिस्किटं घेतली. काका माझ्याकडे बघून हसले, आणि मी दुसरीकडे बघितलं.

इथेच हे संपवलं असतं तर गोष्ट छान झाली असती आणि माझंही तेवढ्या फजितीवर निभावलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये काकांना सत्तर पूर्ण झाली.

मृण्मयीने बाबांसाठी रिक्लायनर आणला. खऱ्या चामड्याचा, पाय वर करणारा, पाठ शेकणारा. ती ऑफिसमधून कॉल्सच्या मधे वेळ काढून दुकानं पालथी घालत होती, हे मला माहीत होतं. काकांनी त्याच्यावरून हात फिरवला, "फार सुंदर आहे गं" म्हणाले, आणि त्याच्यासमोर चटई टाकून बसले.  खुर्च्यांची गोष्ट मृण्मयीला ठाऊक नव्हती. माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले. "मी बाबांसाठी इतकं करते, मेघना. ग्रीन कार्डचं बघितलं, इन्शुरन्स बघितला. त्यांना काही आवडतच नाही."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. ती माझ्यासारखीच आहे. आम्हाला कोणाचं भलं करायचं असलं की आम्ही आधी एक्सेल उघडतो.

पुढच्या रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. मृण्मयी किचनच्या ओट्यापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. नाशिकच्या एजंटशी. घराला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, पुढच्या महिन्यात व्यवहार उरकायचा होता, सगळे कागद तयार होते. माझ्याकडे बघून तिने अंगठा वर केला. "एकदाचं होतंय," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "बाबांच्या डोक्याचा ताप जाईल."

हॉलमध्ये रिक्लायनर रिकामा होता. काका त्याच्यासमोर चटईवर बसले होते, खिडकीकडे तोंड करून. बाहेर मेपलची पानं पडत होती.

"ये," ते म्हणाले. "बस."

मी बसायला वाकले आणि मला ते दिसलं. चटईचं टोक आत दुमडलेलं होतं.

आधी वाटलं, व्हॅक्यूम करताना राहिलं असेल. मग मी नीट बघितलं. दुमडलेल्या घडीवर पात चपटी होऊन मऊ पडली होती. ते टोक आजचं नव्हतं. कितीतरी दिवस ते रोज असे बसत होते आणि त्या घरातलं कोणीच ते वाचू शकत नव्हतं. मला गलबलून आलं. माझा हात पुढे गेलाही, पण मी तो मागे घेतला. ते टोक मी उलगडून चालणार नव्हतं.

मी किचनमध्ये गेले आणि मृण्मयीच्या हातातून फोन काढून घेतला. कॉल चालू होता. तो मी बंद केला.

"अगं, काय करतेस? एजंट होता तो."

"मृण्मयी, बाबांच्या चटईचं एक टोक दुमडलंय. ते हाताने उलगड आणि त्या जागेवर बस. काही बोलू नकोस. बाकीचं ते सांगतील."

"व्हॉट? का?"

"विचारू नकोस गं. बस."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. ती गेली. तिला खाली बसायची सवय नाही. जीन्स आवरत, एक हात रिक्लायनरवर टेकत ती गुडघ्यांवर उतरली. तिने टोक धरलं आणि उलगडलं. पात इतकी वळली होती की पुन्हा आत येऊ बघत होती, म्हणून ती लगेच त्याच्यावर बसली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग परत तिच्याकडे. 

 शेवटी काका म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो गं."

मृण्मयीला एकदम सगळं कळलं असावं. ती हुशारच आहे. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. "आता विचारते. नाशिकचं घर विकायचं का?"

काका चटईच्या लाल पट्ट्यावर बोट फिरवत राहिले.

"नको," ते म्हणाले.

"पण आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"तेव्हा हो म्हणालो असतो. तू कानाला फोन लावून उभी होतीस. उभ्या माणसाला लोक हो म्हणून मोकळे होतात. मलाही तिकडे सगळे हो म्हणायचे." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आता शेजारी बसलीस, म्हणून खरं सांगतो."

ती रडत होती आणि हसतही होती. "सांगा मग."

"त्या घरात मी कधी सलग राहिलोच नाही, मृण्मयी. सुट्टीला यायचो आणि जायचो. सगळ्या जगाच्या अंगणात बसलो, तुझ्या आईपाशी तेवढं बसायचं राहिलं. ती म्हणायची, रिटायर झालात की बाल्कनीत सकाळचा चहा आपण दोघं घेऊ. तिने वाट बघितली. मला एक वर्ष तिथे राहू दे. मग विका. मी सही करीन."

"एकटे काय कराल तिथे?"

"काही नाही," काका म्हणाले. "नुसता बसेन."

माझ्या हातातला मृण्मयीचा फोन वाजायला लागला. एजंटच होता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला, डबा त्याच्या शेजारी ठेवला आणि मागच्या दाराने घरी आले.